मुंगीला तिचा ऋतू लागतो: काचेतल्या वारुळाचा इतिहास



आजचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल. मुंग्या पाळणं. साखरेच्या डब्याभोवती हळदीची रेघ ओढणाऱ्या आपल्या घरांत कुणी मुद्दाम मुंग्या आणून काचेच्या पेटीत ठेवेल, हे पटायला जरा जडच जातं. पण हा छंद जगभर आहे आणि आता आपल्या शहरांतली मुलंही तो करू लागली आहेत. एक काचेची नळी, तळाशी थोडं पाणी, त्यावर कापसाचा बोळा आणि पुढच्या कोरड्या भागात एक राणी मुंगी. एवढ्यावर सुरुवात होते.

काही महिने सगळं छान चालतं. मग ऋतू बदलतो. राणी अंडी घालायची थांबते. अळ्या आहेत तेवढ्याच राहतात. कामकरी मुंग्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतात. पाळणारा घाबरतो, खाणं वाढवतो, ऊब वाढवतो. आणि पुष्कळदा नेमकं त्यानंच नुकसान होतं.

असं का होतं, हे माणसाला कळायला बराच काळ लागला. त्या कळण्याची गोष्ट आज सांगायची आहे. तिच्यात चीन आहे, फ्रान्स आहे, इंग्लंड आहे, आणि अगदी मधोमध आपलं पुणंही आहे.

सुरुवात चीनपासून करू. दक्षिण चीनमधल्या वनस्पतींवर जी हान या लेखकाच्या नावावर असलेला एक ग्रंथ आहे. तो इसवी सन ३०४ चा मानला जातो. त्यात लिहिलंय की बाजारात मुंग्यांची घरटी पिशव्यांत भरून, डहाळ्या-पानांसकट विकायला येतात. या मुंग्या तांबूस-पिवळ्या, नेहमीपेक्षा मोठ्या. संत्र्याच्या झाडावर त्या नसल्या तर फळ किडतं. म्हणजे शेतकरी मुंग्या विकत घेऊन बागेत सोडत होते. ही मुंगी आपल्याही ओळखीची आहे. आंब्याच्या झाडावर जिवंत पानं एकमेकांना शिवून चेंडूसारखं घरटं करते ना, तीच. बस्तरमध्ये जिची चटणी करतात, ती.

आता या शेतकऱ्यांपुढची अडचण बघा. ही मुंगी उष्ण प्रदेशातली. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या मुंग्या थंडीत खोल जातात. हिला खोल जायला जागाच नाही, ही राहते पानांत. दक्षिण चीनमधला हिवाळा तिला सोसत नाही आणि संत्र्याच्या झाडावर आडोसाही पुरेसा नसतो. मग शेतकऱ्यांनी काय केलं? बागेत मधूनमधून पपनसाची झाडं ठेवली. पपनसाची पालवी दाट, तिच्यात थंडी कमी लागते. मुंग्या हिवाळा तिथे काढत आणि ऊन तापलं की पुन्हा संत्र्यावर पसरत. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला बांबूच्या पट्ट्यांचे पूलही बांधलेले असत. या लोकांनी मुंगीला जास्त खायला घातलं नाही, तिला हिवाळ्यापुरतं घर दिलं. ऋतू ओळखून मुंगी सांभाळण्याची ही एक जुनी हकीकत आहे.

आता युरोपात येऊ. तिथे एका जुन्या प्रश्नानं विद्वानांना शेकडो वर्षं गुंतवून ठेवलं होतं: मुंगी हिवाळ्यात काय खाते? इसापाची मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. मुंगी उन्हाळ्यात दाणे साठवते, हिवाळ्यात आरामात खाते. बायबलमधल्या नीतिसूत्रांतही आळशी माणसाला मुंगीकडून शिकायला सांगितलं आहे. त्यामुळे मुंगीचं कोठार ही गोष्ट कुणी तपासून बघायची गरजच नव्हती.

अठराव्या शतकात ती तपासली गेली. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाचा मोठा शास्त्रज्ञ होता. तापमापकाची एक मोजपट्टी त्याच्या नावानं ओळखली जायची, तोच हा. १७४२-४३ च्या सुमारास त्यानं मुंग्यांवर एक आख्खा प्रबंध लिहिला. तो कागदपत्रांत पडून राहिला आणि १९२६ साली अमेरिकेतल्या विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी छापला, म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी. तिकडे इंग्लंडमध्ये विल्यम गूल्ड या धर्मोपदेशकानं १७४७ साली इंग्लिश मुंग्यांवर एक छोटं पुस्तक काढलं. दोघांचं म्हणणं एकच होतं: आमच्याकडची मुंगी हिवाळ्यासाठी धान्य साठवत नाही, कारण तिला ते लागतच नाही. थंडी पडली की मुंग्या बिळात खोल जातात, एकमेकींना बिलगून गोळा होतात आणि वसंतापर्यंत जवळजवळ निपचित पडून राहतात. मग कोठार कशाला हवं?

पाळीव मुंग्यांच्या दृष्टीनं हे फार मोठं ज्ञान होतं. कोपऱ्यात निपचित बसलेली वसाहत आजारी नसते, ती हिवाळा पाळत असते, असा त्याचा अर्थ. पण एक गफलत होऊ लागली. आमची मुंगी साठवत नाही, यावरून पुष्कळांनी काढलं की कुठलीच मुंगी साठवत नाही. इसाप खोटा, नीतिसूत्रं खोटी. जुन्या लोकांनी मुंग्यांच्या तोंडातली पांढरी कोशावस्था बघितली आणि तिलाच दाणा समजले, असं स्पष्टीकरणही तयार होतं. विल्यम कर्बी आणि विल्यम स्पेन्स या इंग्लिश कीटकशास्त्रज्ञांनी मात्र सावध राहायला सांगितलं. उष्ण देशांतल्या मुंग्या नीट पाहिल्याशिवाय असं ठामपणे म्हणू नये, असा त्यांचा सूर होता.

त्या उष्ण देशातला पुरावा आला तो पुण्याहून.

विल्यम हेन्री सायक्स हे ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि फिरताना पक्षी, प्राणी, कीटक जे दिसेल त्याची ते नोंद करत. पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना परेडच्या मैदानाजवळ पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. वीसहून जास्त ढीग, प्रत्येकात साधारण मूठभर बी. जवळ जाऊन बघितलं तर शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून बी वर आणून टाकत होत्या. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. सायक्स यांनी अंदाज बांधला की पहिल्या पावसात कोठार भिजलं असणार आणि उघडीप मिळताच मुंग्यांनी धान्य वाळत घातलं असणार. गवताचं बी पिकतं जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे साठा कित्येक महिने आधीचा होता. या मुंगीला त्यांनी जे लॅटिन नाव दिलं त्यातला 'प्रोव्हिडेन्स' हा शब्द दूरदृष्टीचा आहे. १८३५ च्या सुमारास लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात हे छापून आलं.

आपल्याला यात नवल वाटणार नाही. पाऊस उघडला की भिजलेलं धान्य उन्हात घालणं हे आपल्या घरांतही होत आलंय. पण युरोपातल्या वादात या नोंदीचं वजन मोठं होतं. पुण्याच्या मुंगीला बर्फाखाली झोपायचं नसतं. तिला कोरडे, अन्नाचे तुटवड्याचे महिने काढायचे असतात आणि मग पावसाळ्याच्या ओलीपासून साठा वाचवायचा असतो. तिचं वर्ष निराळं, म्हणून तिची वागणूक निराळी.

पुढे दक्षिण फ्रान्समधल्या मांतों गावी प्रकृतीसाठी जाऊन राहिलेल्या जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज या तरुण इंग्रजानं १८७३ साली भूमध्य समुद्राकाठच्या धान्य साठवणाऱ्या मुंग्यांवर पुस्तक लिहिलं. दमट कोठारातही बी उगवत नाही, आणि मुंग्यांना तिथे जाऊ दिलं नाही तर मात्र उगवतं, हे त्यानं दाखवलं. कोंब आलाच तर मुंग्या त्याचं टोक कुरतडतात आणि बी उन्हात वाळवतात. इसाप खोटा नव्हता तर. तो भूमध्य समुद्राकाठच्या मुंगीबद्दल बोलत होता. त्याला खोडून काढणारे उत्तरेकडच्या मुंगीबद्दल बोलत होते. दोघंही खरे होते, आपापल्या हवामानापुरते.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे हीच गोष्ट परत येणार आहे.

आता काचेकडे वळू. मुंग्यांना घरात ठेवून, रोज बघून अभ्यास करायचा तर त्यांना जगवायला हवं. जिनिव्हाच्या प्येर ह्यूबर यांनी १८१० साली मुंग्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यामागे काचेच्या कृत्रिम वारुळांचं बरंच काम होतं. आंधळेपणातही मधमाश्यांवर अजोड संशोधन करणाऱ्या फ्रान्स्वा ह्यूबर यांचे हे चिरंजीव. हिवाळ्यात मुंग्या आपल्या बिळात मावा सांभाळतात, हे त्यांनी नोंदवलं. मावा म्हणजे आपल्या भाजीवर पडतो तोच, गोड चिकटा सोडणारा.

हा धागा पुढे नेला जॉन लबक यांनी. हे गृहस्थ बँकर, खासदार आणि डार्विनचे शेजारी. इंग्लंडमध्ये बँकांना सार्वजनिक सुट्ट्या देणारा १८७१ चा कायदा यांच्याच प्रयत्नांनी झाला. उरलेल्या वेळात मुंग्या. दोन काचांमध्ये मुंगीच्या उंचीपेक्षा किंचित जास्त फट ठेवायची, त्यात बारीक माती भरायची, वरून झाकण घालायचं आणि बघताना काढायचं. अशा वारुळात प्रत्येक मुंगी दिसते. लबक यांना आढळलं की ऑक्टोबरमध्ये माव्यानं घातलेली अंडी मुंग्या बिळात आणतात, हिवाळाभर सांभाळतात आणि मार्चमध्ये पिल्लं बाहेर आली की त्यांना उचलून डेझीच्या कोवळ्या कोंबांवर नेऊन ठेवतात. अंड्यापासून मुंगीला तेव्हा काहीच मिळत नाही. सहा महिन्यांनंतरच्या वसंताची ही तयारी.

लबक यांनी आणखी एक गोष्ट केली, ती म्हणजे चिकाटी. डिसेंबर १८७४ मध्ये आणलेल्या दोन राण्यांपैकी एक ऑगस्ट १८८८ पर्यंत जगली. तिचं वय त्यांनी जवळजवळ १५ वर्षं धरलं. तोपर्यंत मुंगी म्हणजे वर्षभराचा जीव अशीच समजूत होती. विसाव्या शतकात हर्मन ॲपेल यांनी पाळलेली काळ्या बागमुंगीची एक राणी तर २८ वर्षं ९ महिने जगल्याची नोंद १९६९ साली प्रसिद्ध झाली. मुंगी पाळायला घेणाऱ्यानं हा आकडा आधी ऐकावा. कुत्रं पाळतो त्याहून लांबची ही जबाबदारी असू शकते.

लबक यांच्या मातीच्या वारुळातली उणीव भरून काढली फ्रान्सच्या शार्ल झाने यांनी, १८९० च्या दशकात. त्यांनी प्लास्टरचा ठोकळा घेतला, त्यात ओळीनं खोल्या कोरल्या, वर काच लावली आणि एका टोकाला पाण्याची खोबण ठेवली. प्लास्टर पाणी शोषतं, त्यामुळे पाण्याजवळची खोली ओली, पुढची कमी ओली आणि शेवटची कोरडी. युक्ती साधी आहे, पण तिच्यातला विचार मोठा. माणसानं ओलावा ठरवायचा नाही. पर्याय द्यायचे आणि मुंग्यांना निवडू द्यायचं. खऱ्या बिळात त्या हेच करतात. अंडी एका थरात, कोश दुसऱ्या थरात, ऋतूप्रमाणे वरखाली. झाने यांनी आणखी एक शोध लावला: नवी राणी पंख टाकते तेव्हा तिचे उडण्याचे स्नायू आतल्या आत विरघळतात आणि त्याच पोषणावर ती पहिली पिल्लं वाढवते. म्हणूनच पुष्कळ जातींच्या राण्यांना नळीत ठेवल्यावर पहिले काही आठवडे अन्न लागत नाही. अंधार आणि शांतता लागते.

तरी एक कोडं उरलंच होतं. थंड प्रदेशातली मुंगी वर्षभर उबदार खोलीत, भरपूर खाऊ घालून ठेवली तर ती वर्षभर वाढायला हवी. तशी ती वाढत नाही. का?

उत्तर दोन ठिकाणांहून आलं. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात मायकल ब्रायन हे मिर्मिका नावाच्या तांबड्या मुंगीवर १९५० च्या दशकापासून काम करत होते. त्यांना दिसलं की ज्या अळ्या हिवाळ्याच्या गारठ्यातून जातात, त्यांच्यापासूनच पुढच्या वसंतात राण्या होऊ शकतात. गारठा न मिळालेल्या अळ्यांच्या बहुतेक कामकरी मुंग्याच होतात. म्हणजे हिवाळा वगळला तर वसाहत दिसायला ठीक राहील, पण तिची पुढची पिढी खुंटेल. दुसरीकडे लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, व्लादिलेन किप्यात्कोव यांनी मुंग्यांच्या वार्षिक चक्राचा पद्धतशीर अभ्यास केला. साधारण तीन प्रकार निघतात. काही जाती उष्ण प्रदेशातल्या, त्यांना सक्तीची विश्रांती नाही. काही जाती गारठा किंवा लहान दिवस जाणवले की थांबतात, पण ऊब मिळत राहिली तर चालू राहू शकतात. आणि काही जातींच्या अंगातच घड्याळ असतं. खोली कितीही उबदार ठेवा, काही महिन्यांनी राणी अंडी घालायची थांबते आणि पुरेसा गारठा मिळाल्याशिवाय नीट सुरू होत नाही.

म्हणून युरोप-अमेरिकेतले जाणते लोक आपली वसाहत हिवाळ्यात तीन-चार महिने थंड तळघरात किंवा फ्रीजमध्ये, साधारण ५ ते १० अंश सेल्सिअसला ठेवतात. पाणी चालू, खाणं जवळजवळ बंद.

गंमत अशी की, हे सगळं ज्ञान जमत असताना बाजारात गेलं ते याच्या अगदी उलट. १९५६ साली अमेरिकेत मिल्टन लेव्हिन यांनी प्लास्टिकचं 'अँट फार्म' विकायला काढलं. दोन पारदर्शक भिंती, मध्ये वाळू, वर खेळण्यातलं शेतघर. मुंग्या टपालानं यायच्या, पण राणीशिवाय, कारण राणी मुंग्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायला तिथल्या नियमांची आडकाठी होती. राणी नाही म्हणजे अंडी नाहीत. काही महिन्यांत सगळ्या संपायच्या, मग नव्या मागवायच्या. लाखो मुलांना त्यातून मुंग्यांची गोडी लागली, हे खरं. पण त्या पेटीत वर्ष पूर्ण होतच नव्हतं. मुलांनी मुंग्या पाहिल्या, मुंग्यांचा ऋतू पाहिला नाही.

आता आपल्याकडे. भारतातल्या मुंग्यांची शास्त्रीय ओळख करून देण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांनी १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्याकडच्या मुंग्यांवर लिहिलं. स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेल यांची भारत आणि श्रीलंकेच्या मुंग्यांवरची दीर्घ लेखमाला त्याच नियतकालिकात आली. १९०३ साली चार्ल्स बिंगम यांचा भारतीय मुंग्यांवरचा खंड निघाला. जातींची नावं, वर्णनं तेव्हापासून आहेत. पण पाळण्याची पुस्तकं आणि व्हिडिओ जवळजवळ सगळे थंड देशांतले. तिथेच घोटाळा होतो.

आपल्याकडचा मुलगा व्हिडिओत बघतो की नोव्हेंबरमध्ये वसाहत फ्रीजमध्ये ठेवायची. त्याच्याकडे असतो अंगणातला मोठा काळा मुंगळा, जो कधी ५ अंशांत महिनोन्महिने राहिलेला नाही. फ्रीजमध्ये गेला की मेला. गूल्डची मुंगी आणि सायक्सची मुंगी यांची सरमिसळ अशी आजही चालू आहे, फक्त आता तिची किंमत वसाहत मोजते.

मग आपण काय करावं? इतिहासानं जे शिकवलं तेच. आपल्या मुंगीचं पंचांग आपल्या अंगणात आहे. पहिल्या पावसानंतर अनेक जातींच्या पंखवाल्या राण्या बाहेर पडतात. मात्र दिव्याभोवती येणारे सगळे पंखवाले जीव मुंग्या नसतात, त्यात वाळवीही असते. वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर सरळ. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे.

पावसाळ्यात पेटीत बुरशीची भीती. उरलेलं खाणं रोज काढायचं, बी असेल तर कोरड्या खोलीत ठेवायचं, हवा खेळती राहू द्यायची. हिवाळा तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. दिल्ली, इंदूर, नागपूरचा गारठा वेगळा. मुंबई, चेन्नईचा जवळजवळ नाहीच. बेंगळुरूचा त्या दोहोंच्या मधला. स्थानिक मुंगीला खोलीचं नैसर्गिक तापमान मिळू द्यायचं. ती मंदावली, अळ्या कमी झाल्या तर कीटकांचं प्रथिनयुक्त खाणं कमी करायचं, थोडं गोड आणि पाणी चालू ठेवायचं, पेटी हलवायची नाही. उन्हाळ्यात खरी भीती कोरडेपणाची, आणि एसी-कूलरच्या खोलीत किंवा खिडकीतल्या उन्हात ती दुप्पट. झाने यांचं ओलं टोक आणि कोरडं टोक इथे जीव वाचवतं. मुंग्या ओल्या टोकाला गर्दी करत असतील तर पाणी वाढवा. अंडी-कोश घेऊन कोरड्या टोकाला पळत असतील तर कमी करा. त्या सांगतात, आपण वाचायचं. आणि आपल्या तारखांची वही ठेवा. अंडी कधी थांबली, कधी सुरू झाली. भारतीय मुंग्यांच्या बाबतीत अशी वही आजही मोलाची आहे.

शेवटी एक ताजी घटना. एप्रिल २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुण पकडले गेले. त्यांच्याकडे सुमारे ५,००० मुंग्या होत्या, त्यात तिथल्या मोठ्या, धान्य साठवणाऱ्या जातीच्या राण्या. सगळ्या कापसाचे बोळे घातलेल्या छोट्या नळ्यांत. मे महिन्यात न्यायालयानं प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंगचा दंड किंवा वर्षभराची कैद सुनावली. या मुंग्या परदेशातल्या हौशी लोकांसाठी होत्या. ज्या नळीनं अभ्यासाला मदत केली, तीच तस्करीचं साधन झाली. एक राणी उचलली म्हणजे होऊ घातलेली आख्खी वसाहत त्या जमिनीतून गेली. आणि परक्या देशात ती निसटली, तर तिथल्या मुंग्यांचं काय होईल हे कुणी सांगावं? म्हणून बाहेरची मुंगी मागवू नये, आणि आपली दुसऱ्या राज्यात सोडूही नये.

चिनी शेतकऱ्यानं मुंगीसाठी पपनसाचं झाड लावलं. सायक्स यांनी तिचं वाळवण पाहिलं. झाने यांनी तिला ओलं-कोरडं निवडू दिलं. खाणं-पाणी कुणीही देईल. मुंगीला तिच्या गावचा ऋतू मिळतोय का, हे बघणं म्हणजे तिला सांभाळणं. तो देता येत नसेल, तर तिला अंगणातच राहू द्यावं आणि आपण खाली बसून बघावं. सायक्स यांनी तरी दुसरं काय केलं?